बिजवाईचा दोडका आणि सत्तरीचं कार्ड

माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान एक यंत्र बसवलेलं आहे. बोट फिरवलं की त्याची कड लागते. सुरुवातीला मी दिवसातून कितीदा तरी ते चाचपून बघायची आणि सून ओरडायची, की आई, खाजवू नका. मी खाजवत नव्हते. ते जागेवर आहे की निघून गेलं, एवढंच बघत होते. माझ्यासारख्या बाईच्या अंगात राहायचं म्हणजे त्यालाही वैताग येत असणार.

मी एका जागी बसणारी बाई नाही. सेलूच्या अलीकडे आमचं गाव, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाल्याची शेती. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी भाजीचा तोडा करायचा, जुड्या बांधायच्या आणि वर्ध्याच्या बाजारात जाऊन बसायचं, हेच केलं. बसायचं म्हणजे नावालाच. शेजारची भाजीवाली म्हणायची, ही भाजी विकते की पहारा देते तेच कळत नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. वाचायची गोडी मात्र बाजारात लागली. गिऱ्हाईक नसलं की ज्या रद्दीत कोथिंबीर गुंडाळायची तिच्यावर जे छापलेलं असेल ते वाचायचं. त्यात कधीकधी लोकांनी आपल्या आजारपणाबद्दल लिहिलेलं असायचं. पण पान नेमकं अर्ध्यावर फाटलेलं. माणूस बरा झाला की नाही ते कळायचं नाही, आणि मला दिवसभर त्याचीच रुखरुख लागायची.

म्हणून आधीच सांगून टाकते, मी बरी झाले. आता तुम्ही निवांत वाचा. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि त्यातही जी म्हातारी माणसं दुखणं लपवण्यात हुशार असतात त्यांच्यासाठी. मी त्यांच्यातलीच आहे.

बांधावरचं गवत

त्या पावसाळ्यात मला मधूनच अंधारी यायला लागली. पालकाच्या वाफ्यातून उठलं की डोळ्यांपुढे काळं व्हायचं. कशाचा तरी आधार धरून थोडं थांबलं की पुन्हा दिसायचं. पाय जड झाले. विहिरीपासून घरापर्यंत यायचं तर मध्ये थांबावं लागायचं, आणि थांबलेली मी कुणाला दिसले तर लगेच बोभाटा झाला असता. म्हणून थांबले की मी वाकून बांधावरचं गवत उपटायची. बघणाऱ्याला वाटायचं, ही काम करते आहे. आमचा बांध त्या वर्षी जितका साफ होता तितका कधीच नव्हता.

आमच्या बुढ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा विचारलं होतं की अशी मधातच थांबली काऊन. मी म्हटलं पायात काटा गेला. तो पुढं काही बोलला नाही. चार शब्द लागतील तिथे एकावर भागवणारा माणूस आहे तो. त्याचा मला आयुष्यभर राग येत आला आहे.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? दवाखाना झाला असता, भरती झाली असती आणि कार्ड निघालं असतं. तेच मला नको होतं. ते कार्ड मी बुढ्यासाठी राखून ठेवलं होतं.

चिंधी

आता कार्डाचं सांगते. आमच्या ग्रामपंचायतीत शिबिर लागलं होतं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड. गरीब असो, शेतवाला असो, की पेन्शनवाला मास्तर असो, अट फक्त वयाची. आधार कार्ड न्यायचं, मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि सांगितलं की डोळे मिचकावायचे. बुढ्यानं डोळे इतके वटारले की तो फोन त्याला माणूस मानायलाच तयार होईना. मी हसले, तर मलाही पुन्हा करावं लागलं.

कार्ड काढणाऱ्या पोरानं समजावलं की कार्डं दोघांची वेगळी, पण उपचाराची रक्कम घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना मिळून एकच. कोणीही वापरली तरी त्याच एका रकमेतून जाणार. ती दर वर्षाची असते हेही त्यानं सांगितलं असेल. पण माझं लक्ष तिथे राहिलं नव्हतं. दोघांत मिळून एक, एवढं कानावर पडलं आणि माझं मन थेट दोडक्याच्या वेलाकडे गेलं.

आमच्याकडे वेलाला पहिला जो लांबसडक, निरोगी दोडका धरतो तो खायचा नाही, विकायचा नाही. तो बिजवाईचा, म्हणजे बियाण्यासाठी राखलेला. तोडणाऱ्याच्या हातून चुकून जाऊ नये म्हणून त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं पोरसुद्धा हात लावत नाही. तो वेलावरच वाळतो आणि पुढच्या साली त्याच्यावर सगळा वाफा उभा राहतो. सासूनं मला हे शिकवलं, मी सुनेला शिकवलं. जे सगळ्यात चांगलं ते आज खायचं नाही, राखायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की दुसरं सुचतच नाही.

घरी आले, दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली, हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि बांधून डाळीच्या डब्यात ठेवून दिली. बुढ्याच्या जांघेत हर्निया आहे. सेलूच्या डॉक्टरनं त्याला केव्हाच सांगितलं होतं की ऑपरेशन करून घ्या, आतडं अडकलं तर धावपळ होईल. तो पट्टा बांधायचा, वांग्यांचे क्रेट उचलायचा आणि म्हणायचा, तोडा सरल्यावर पाहू. एक ना एक दिवस त्याला ते लागणार होतं. मग मी माझ्या चकरांसाठी ते कसं तोडणार?

वाफ्यात

एका सकाळी पालकाच्या जुड्या बांधता बांधता मी पडले. पडल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो तोंडावर पडलेला पाण्याचा शिपका आणि वर्षाचा, म्हणजे माझ्या सुनेचा, पांढराफटक चेहरा. मी उठून बसले आणि म्हटलं, जुड्या ओल्या झाल्या. तिनं माझा दंड असा धरला की मी गप्प झाले.

माझा मुलगा नितीन भाजीच्या गाडीतूनच मला सेलूच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर पोरसवदा होती. तिनं पट्टी बघितली, माझं मनगट धरलं, पुन्हा पट्टी बघितली. मग म्हणाली, की आजीच्या हृदयाला ठोका द्यायचा निरोपच नीट पोचत नाही. ठोके पाहिजेत त्याच्या निम्मेही पडत नाहीत. यंत्र बसवावं लागेल, आणि आता घरी जायचं नाही.

मला हसूच आलं. मी आयुष्यभर धावले, आणि माझं काळीज असं आळशी निघावं? हसता हसता मला रडू आलं. मी मरायला भीत नाही असं मी नेहमी म्हणत आले आहे. त्या खोलीत मला कळलं की ते खोटं होतं. मी खूप भ्यायले. मी पदराचं टोक पिळत बसले.

नितीनला वाटत होतं की नागपूरला मोठ्या खासगी दवाखान्यात न्यावं. वर्षानं त्याला विचारलं, तो दवाखाना कार्डाच्या यादीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. दोघांचं तिथेच वाजलं. शेवटी डॉक्टर म्हणाली की वर्ध्याजवळचा मोठा दवाखाना यादीत आहे आणि जवळही आहे. एकशेआठची गाडी आली. तुम्हाला सांगते, हे आजारी पडण्याआधी विचारून ठेवा. आपल्या भागातला कोणता दवाखाना यादीत आहे आणि तिथे आपल्या दुखण्याचा उपचार होतो का, हे गाडीत बसल्यावर भांडायचे विषय नाहीत.

पवनारच्या पुलावर मी डोकं उचलून धाम नदीचं पाणी बघायला गेले तर गाडीतल्या माणसानं खांदा दाबून खाली ठेवलं. तेव्हापासून जे आडवं पडणं सुरू झालं ते मी विसरणार नाही.

सरळ पाय

दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यांनी जांघेतून एक तार हृदयापर्यंत नेली आणि बाहेरच्या डब्याला जोडली. पक्कं यंत्र बसेपर्यंत ठोके तो डबा देणार होता. चक्कर गेली, डोळे स्वच्छ झाले, अंगात ऊब आली. आणि मग सिस्टर म्हणाली, हा पाय सरळ ठेवायचा, वाकवायचा नाही, कुशीवर व्हायचं नाही.

माझ्यासाठी याच्याइतकी कडक शिक्षा कोणी शोधू शकलं नसतं. पाठीला मुंग्या येत होत्या. टाच जळत होती. वर पंखा फिरत होता आणि मला त्याचाही हेवा वाटत होता. मी सिस्टरला विचारायची किती वाजले, ती सांगायची, आणि मी पुन्हा विचारायची तेव्हा घड्याळ तिथेच असायचं. घरी तोडा राहिला असेल, वाल निबर होत असतील, म्हैस कोणाला दूध देत नसेल. मी मनातल्या मनात सगळ्या वाफ्यांतून फिरून यायची आणि परत त्याच खाटेवर यायची. मधूनच पाय आपोआप वाकायला जायचा. एकदा तो डबा टिंटिं करायला लागला. सिस्टर धावत आली आणि मला रागावली. बरोबरच होतं तिचं.

तेवढ्यात वर्षा आत आली. तिला वेळ थोडाच मिळायचा. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे केले आणि विचारलं, की हे कधीपासून होतं. मी सांगून टाकलं की पोळ्याच्या आधीपासून.

"आई, मले काऊन नाई सांगतलं? रोज तुमच्या बाजूले बसून जुड्या बांधून राह्यली मी. मी कोणीच नाई का तुमची?"

कार्डाचं सांगायला गेले तर ती आणखी चिडली असती. ती डोळे पुसत गेली आणि मी तशीच सरळ पाय ठेवून पडून राहिले. त्या सगळ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तोंड भिंतीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, चेहऱ्यावर घाई. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला आरोग्यमित्र म्हणतात, तशी ती होती. हिंगणघाटची आहे म्हणाली. यंत्र बसवायची मंजुरी मागवायची होती, त्याआधी माझी ओळख पटवायची होती. तिनं मोबाइल माझ्या चेहऱ्यासमोर धरला.

मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिला वाटलं मला समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, माझं कार्डच आणलेलं नाही आणि ते वापरायचंही नाही. ते आमच्या घरच्यांच्या ऑपरेशनसाठी आहे. मला गोळ्या द्या आणि घरी पाठवा. ती म्हणाली, आजी, याला गोळी नसते. मी तोंड फिरवलं नाही. पाय हलवता येत नव्हता, पण मान माझी होती.

ती बाहेर गेली आणि थोड्या वेळानं बुढ्याला घेऊन आली. एका वेळी एकालाच आत सोडत, पण तिनं सिस्टरला सांगून आणला. त्याच्या हातात दोन्ही कार्डं होती. नुसतीच. चिंधी नव्हती. डाळीच्या डब्यातून काढून, सोडून, रात्रीच नितीनच्या मोटरसायकलवर मागे बसून तो घेऊन आला होता. मला इतका संताप आला की त्या यंत्राशिवायच माझे ठोके वाढले असतील.

"तुम्ही चिंधी काऊन सोडली?" मी म्हटलं.

बुढ्यानं त्या मुलीकडे बघितलं, म्हणजे तू सांग. मुलगी आधी गोंधळली. मग बुढ्यानंच तिला दोन वाक्यांत बिजवाईच्या दोडक्याचं सांगितलं. इतकं लांब बोलताना मी त्याला बऱ्याच वर्षांनी ऐकत होते. मुलीची घाई तेवढ्यापुरती थांबली. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

"आजी, हे ठेवल्यानं वाढत नाई," ती म्हणाली. "दर वर्षी नवीन सुरू होते. यंदाचं नाई वापरलं त पुढच्या वर्षात जमा नाई होत, तसंच जाते."

मी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचार केला. मग विचारलं, "म्हंजे त्याले बी धरत नाई?"

"नाई धरत."

"आन याईच्या हर्नियाचं?"

तिनं समजावलं की माझं यंत्र बसवूनही यंदाच्या रकमेत त्यांच्या ऑपरेशनपुरतं उरतं. आणि समजा नसतं उरलं, तरी नवं वर्ष लागलं की पुन्हा पूर्ण. आधीपासून असलेलं दुखणंही चालतं, थांबावं लागत नाही. मी विचारलं मग आमच्या बाजारातली एक बाई तपासणीला गेली तेव्हा तिला पैसे का भरावे लागले? तर म्हणाली, की नुसतं दाखवून, गोळ्या घेऊन घरी जायचं असेल तर हे कार्ड चालत नाही, दवाखान्यात भरती होऊन जो उपचार होतो त्यासाठी आहे. घरी गेल्यावर सुरुवातीच्या थोड्या दिवसांच्या गोळ्या यातून मिळतात, पुढच्या आपल्या आपण. मी खोदून खोदून विचारलं आणि ती सांगत राहिली. मधूनच तिचा फोन वाजायचा आणि ती तो बंद करायची. ते नियम उद्या बदलतीलही, तुम्ही तुमच्या वेळी पुन्हा विचारून घ्या. विचारायला लाजू नका, ती माणसं त्यासाठीच बसलेली असतात.

मला फार लाज वाटली, हेही सांगते. बांधावर गवत उपटत मी जे दिवस काढले, त्यात एखाद्या दिवशी मी विहिरीजवळ पडले असते तर? आणि कशासाठी? जे राखल्यानं वाळूनच जाणार होतं त्यासाठी.

मी मान वळवली. मुलीनं मोबाइल धरला. डोळे मिचकावा म्हणाली. पापण्या ओल्या होत्या, पण या वेळी फोननं मला लगेच ओळखलं.

बोला पण हलू नका

दुपारी मंजुरी आली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं. भूल फक्त खांद्यापुरती होती, मी जागी. तोंडावर हिरवं कापड, त्यामुळे काही दिसत नव्हतं. भीती वाटली की मला बोलायला होतं. मी डॉक्टरांना पालकाचं बी कधी टाकायचं ते सांगत होते. ते म्हणाले, आजी, बोला, पण हलू नका. मग मी मेथीवर गेले. वांग्यावर येईपर्यंत त्यांचं टाके घालून झालं होतं.

जांघेतली तार काढली आणि काही तासांनी सिस्टरनं पाय वाकवायची परवानगी दिली. मी गुडघा उभा केला. एवढंच केलं. त्यात किती सुख होतं ते लिहून कळायचं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी म्हटलं, बघ, पाय वाकला. ती बिचारी कौतुकानं हो म्हणाली.

पण एक बंधन गेलं की दुसरं आलं. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. मग केस कसे विंचरायचे? वर्षा घरी गेली होती, तिच्याशी अजून माझं नीट बोलणं झालं नव्हतं. बुढा स्टुलावर बसला होता. त्यानं पिशवीतून फणी काढली आणि माझ्या मागे उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं माझ्या केसांना हात लावला नव्हता. बैलाला खरारा करावा तसा त्यानं भांग पाडला. वेणी जमेना, म्हणून दोरा गुंडाळून गाठ मारली. सगळा वॉर्ड बघत होता. मी लाजले नाही, डोळे मिटून बसले.

संध्याकाळी वर्षा आली तेव्हा तिनं ती गाठ बघितली आणि तिला हसू फुटलं. सोडवता सोडवता ती पुटपुटली, ही तर पालकाची जुडीच बांधली बाबानं. मग म्हणाली, पुढे काही झालं तर आधी मला सांगजा. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा वदवून घेतलं.

चिंधी पुन्हा

घरी आले. हळूहळू शेतात जायला लागले. चक्कर नाही, दम नाही. वेलावरचे बिजवाईचे दोडके वाळले होते, हलवले की आत बी खुळखुळायचं. एका दुपारी ओसरीत बी काढायला बसले आणि वर्षाला म्हटलं, कार्डं आण, बाबाच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे. ती डाळीच्या डब्यातून कार्डं घेऊन आली. त्यांना हिरवी चिंधी बांधलेली होती.

मी वर्षाकडे बघितलं. तिनं मान हलवली. नितीन तर त्या डब्याकडे फिरकतही नाही. राहिला एकच. तो समोर बसून शेंगा निवडत होता आणि वर बघत नव्हता.

मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, असू दे. तुझं यंत्र नवीन आहे, त्याला काही झालं तर यंदाच लागेल. माझा हर्निया काही पळून जात नाही. मी म्हटलं, त्या मुलीनं इतकं समजावलं, तुम्हीच तर स्टुलाशी उभे होते. म्हणाला, समजलं सगळं. तरी असू दे.

मग माझ्या डोक्यात आलं. तोडा सरल्यावर पाहू, दिवाळी झाल्यावर पाहू, हे तो कधीपासून म्हणत होता? पावसाळ्यापासून. मी त्याला भित्रा समजत होते.

"मी पडायच्या आधीपासूनच तुम्ही टाळून राह्यले होते," मी म्हटलं. "काऊन?"

त्यानं हातातली शेंग टोपलीत टाकली.

"तू दाराची चौकट धरून उभी राह्यची. मले दिसत होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो त तू भांडली असती," तो म्हणाला. "भांडता भांडता पडली असती."

मी कार्ड त्याच्यासाठी राखत होते, आणि तो तेच माझ्यासाठी. दोघंही एकमेकांना काही न सांगता, एका घरात, एका डब्यावर लक्ष ठेवून. मला त्याचा इतका राग आला, आणि माया इतकी दाटून आली, की त्यातलं कोणतं आधी बोलावं ते कळेना. मी उठले. उजव्या हातानं आणि दातांनी ती चिंधी सोडली, कारण डावा हात अजून जोर देत नव्हता.

"कार्ड सालोसाल येते," मी म्हटलं. "तुम्ही नाई येत."

त्यानं शेंगांची टोपली बाजूला सारली, उठला, आणि खुंटीवरचा सदरा काढला.

बाकावर

त्याचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं. हिंगणघाटच्या त्या मुलीनं आम्हाला ओळखलं आणि दोडका कसा आहे म्हणून विचारलं. बुढ्याला आत नेलं तेव्हा त्यानं आपला पट्टा काढून माझ्या हातात दिला.

आजारी पडणं मला जमलं होतं. बाहेर थांबणं ही त्याहून कठीण गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं. आजारी माणसाला निदान काही ना काही होत असतं. बाहेरच्याला काहीच होत नाही. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळायच्या, दुसऱ्याच कोणाचं तरी नाव यायचं. वर्षा म्हणाली, आई, जरा फिरून या, तुम्हाला बसवत नाही ना. मी म्हटलं, नाही जात. मी उठले आणि नेमकं तेव्हाच त्याचं नाव घेतलं तर? मी तो पट्टा मांडीवर धरून बसले. पाय आपोआप चुळबुळ करत होते, मी त्यांना बाकाखाली दाबून ठेवलं. खांद्याखालचं यंत्र चाचपलं नाही. त्या दिवशी मला त्याची आठवणच आली नाही.

त्याला बाहेर आणलं तेव्हा कमरेखालचं अंग बधिर होतं, पण डोळे उघडे होते. त्यानं मला बघितलं, मग माझ्या मांडीवरून हातात आलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

"तू इथंच होती?"

"इथंच."

"बसून?"

"बसून."

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. वॉर्डात नेऊन खाटेवर टेकवल्याबरोबर त्यानं वर्षाला जवळ बोलावून विचारून घेतलं.